पेठा वसविणारा पेशवा

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांचे नाव निघाले की मराठी वाचकास प्रथम पानिपत आठवते. इतिहासकारांनी त्यांच्या पदरी टाकलेल्या दोषांची यादी लहान नाही. १७५६ साली इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजी आंग्रे यांचे आरमार बुडविले, हा एक. उत्तरेचे राजकारण दूर पुण्यात बसून पत्रांच्या आधारे चालविले, हा दुसरा. आणि १४ जानेवारी १७६१ चा सर्वनाश तर सर्वश्रुतच आहे. या दोषांचे माप येथे कमीअधिक करावयाचे नाही. परंतु ज्या माणसाच्या कारकिर्दीत एवढे मोठे राज्य पणाला लागले, त्याच माणसाच्या कारकिर्दीत मुठेकाठचे एक मध्यम प्रतीचे गाव अवघ्या वीस वर्षांत हिंदुस्थानातील प्रमुख शहरांच्या पंक्तीस जाऊन बसले, या गोष्टीस राजकीय इतिहासात चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. नगररचनेची एक तऱ्हा जुनी होऊन दुसरी येते, विकास आराखड्यामागून विकास आराखडा मंजूर होतो, आणि उपनगरातला पुणेकर मात्र पाण्याच्या टँकरची वाट पाहत दारात उभा असतो. अशा काळात हे प्रकरण पुन्हा उघडून पाहण्यासारखे आहे.

पहिल्या बाजीरावाचा हा थोरला मुलगा, पण वळण बापाचे नव्हते. बाजीरावाचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले. नानासाहेबांचे बालपण चिमाजीआप्पांच्या देखरेखीखाली आणि साताऱ्यास शाहू महाराजांच्या सहवासात गेले. लेखणी, हिशेब, पत्रव्यवहार, दरबारी रीत यांत मुलगा तयार झाला. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीस बाजीराव वारले, तेव्हा नानासाहेबांची विशीही पुरी झालेली नव्हती. पेशवाईच्या वस्त्रांसाठी बाबूजी नाईक बारामतीकर उभे होते, त्यांच्या पाठीशी रघूजी भोसले होते. शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांस दिली. वर्ष संपण्यापूर्वी चिमाजीआप्पाही गेले. तरुण पेशव्याच्या वाट्यास आला तो पसरलेला मुलूख, डोईजड कर्ज आणि पुण्यातला एक वाडा.

त्या वेळचे पुणे केवढे होते? कसबा हे मूळ गाव. सतराव्या शतकात मुरार जगदेवाने ते उद्ध्वस्त केले, पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत जिजाबाई व बाल शिवाजी यांच्या वास्तव्याने ते पुन्हा उभे राहिले, मोगली धामधुमीत पुन्हा खचले. कसब्याच्या भोवती चारदोन पेठा होत्या, त्यांपैकी काहींची नावे मुसलमानी अमलातील होती. १७३० साली बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि १७३२ साली वास्तुशांत केली. तरी राज्याची गादी साताऱ्यास होती, आणि पेशव्यांचे पुणे म्हणजे एका सरदाराचे राहते गाव होते. भोवती सलग तटबंदी नव्हती. ती पुढेही कधी झाली नाही, आणि हे पुण्याच्या दृष्टीने चांगलेच झाले म्हणावयाचे. कारण तटाच्या आत कोंडलेल्या गावास पुढे पसरावयाचे तर आधी भिंत फोडावी लागते.

नानासाहेबांसमोर नव्या शहराचा आदर्श नव्हता असे मात्र नाही. तो काळ जयपूरच्या कीर्तीचा होता. सवाई जयसिंगाने १७२७ साली विद्याधर भट्टाचार्यांच्या मदतीने आखलेले हे शहर, सरळ रस्ते, चौरस चौकड्या आणि एका ओळीतील दुकाने यांमुळे देशभर गाजत होते. नानासाहेबांच्या आजी राधाबाई १७३५ च्या काशीयात्रेत जयसिंगाचा पाहुणचार घेऊन आल्या होत्या. स्वतः नानासाहेब १७४१ साली धौलपूरनजीक जयसिंगास भेटले. भेट माळव्याच्या सनदांसाठी होती, नगररचनेसाठी नव्हे. तथापि दोरी लावून आखलेल्या शहराची माहिती पेशव्यांच्या घरात निश्चितच होती. पुण्यात तो नमुना उतरविण्याचा प्रयत्न झाला नाही. जयपूर मोकळ्या मैदानात, एका राजाच्या इच्छेने, एका धडाक्यात उभे राहिले. पुण्यात आधीच माणसे राहत होती, वतने होती, देवळे होती, भाऊबंदकीचे वाडे होते. तेथे दोरी लावावयाची तर कोणाच्या तरी ओसरीवरून न्यावी लागली असती.

पुण्याने वेगळा मार्ग धरला. तो नानासाहेबांनी शोधून काढला असे नाही. दख्खनमध्ये पेठ वसविण्याची रीत जुनीच होती. त्यांनी ती मोठ्या प्रमाणावर आणि सातत्याने वापरली. पेठ वसवावयाची म्हणजे कोणा होतकरू माणसास शेटे-महाजनकीचे वतन द्यावयाचे आणि सरकारचा कौल द्यावयाचा. कौलात अभय असे, आणि ठराविक वर्षांची करमाफी असे. शेट्याने बाहेरगावचे वाणी, उदमी, कोष्टी, कासार, सोनार बोलवावेत, त्यांस जागा नेमून द्याव्यात, बाजार भरवावा. वस्ती जमली, पेठ चालू लागली, म्हणजे मग हळूहळू जकात व पट्टी सुरू व्हावयाची. ओसाड जमिनीवर कर बसविण्यापेक्षा भरलेल्या बाजारावर बसविलेला कर जास्त येतो, हे हिशेबात मुरलेल्या पेशव्यास सांगावे लागले नसेल. शुक्रवार, वेताळ म्हणजे आजची गुरुवार, अशा पेठांच्या वसाहतीशी जिवाजीपंत खासगीवाले यांचे नाव जोडलेले आहे; पुणे प्रांताचा कारभार नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांच्यासारख्या करड्या माणसाकडे होता. धाकट्या मुलाच्या नावाने नारायण पेठ झाली, चुलतभावाच्या नावाने पुढे सदाशिव पेठ झाली.

पेठेच्या आत काय व्हावे, हे सरकारने कागदावर काढले नाही. तांब्याची भांडी घडविणारे एकमेकांच्या शेजारी बसले, म्हणून तांबट आळी झाली. बुरूड, कुंभार, शिंपी, भोई यांच्या आळ्या अशाच झाल्या. कामाचा आवाज, कामाची घाण, कामाचा कच्चा माल आणि कामाचे गिऱ्हाईक ज्यांचे सारखे, ते एकत्र आले. बोळ वाकडे राहिले, कारण बोळ हा दोन वाड्यांमध्ये उरलेल्या जाण्यायेण्याच्या जागेचा असे. बाहेरून आंधळ्या दिसणाऱ्या भिंतीच्या आत वाड्याला चौक असे, चौकात आड असे, आणि उन्हाळ्याच्या दुपारी अरुंद बोळात सावली असे. दुकान खाली, बिऱ्हाड वर. म्हणून रात्री गल्लीस डोळे असत. हे सारे कोणी एकाने योजिलेले नव्हते, आणि म्हणूनच एक वाडा पडला तरी आळी चालू राहिली.

मात्र एका बाबतीत सरकारने लोकांवर भार टाकला नाही. ती बाब म्हणजे पाणी. नदी जवळ असली तरी उन्हाळ्यात मुठेचा भरवसा नसे, आणि वाढत्या वस्तीस आड पुरे पडत नव्हते. नानासाहेबांनी सुमारे तीन कोसांवरील कात्रजच्या दरीत पाणी अडविले आणि १७४९ च्या सुमारास तेथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधण्याचे काम हाती घेतले. नळ म्हणजे लहान मोरी नव्हे. माणूस आत उतरून साफ करू शकेल असा तो बांधीव मार्ग आहे. कात्रजला एकापाठोपाठ दोन तळी केली, म्हणजे वरच्या तळ्यात गाळ बसावा आणि निवळ पाणी खाली यावे. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. त्यांतून हवा खेळावी, पाण्याचा दाब मोकळा व्हावा आणि साफसफाईस उतरता यावे, अशी ती सोय. कोणतेही यंत्र नाही, रहाट नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी वाड्यात आणि पेठांतील हौदांत येऊन पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे हौद बुजले तरी पुणेकरांच्या पत्त्यांत राहिली. या एका कामात नानासाहेबांनी डोंगराचा उतार, मातीचा प्रकार आणि वस्तीची गरज यांचा जो मेळ घातला, तो पाहता त्यांना नियोजन ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी पाण्याची आखणी केली. घरांची आखणी घरवाल्यांवर सोडली. खासगी माणसाला एकट्याने करता येत नाही ते सरकारने करावे, आणि करता येते त्यात लुडबूड करू नये, हा विवेक त्यात दिसतो.

१७४९ हे साल नानासाहेबांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्याच वर्षी पर्वतीवर देवदेवेश्वराची स्थापना झाली, आणि वर्षअखेरीस, १५ डिसेंबर रोजी, साताऱ्यास शाहू महाराज निवर्तले. पुढील दोन वर्षे ताराबाई व रामराजा यांच्या प्रकरणात आणि दमाजी गायकवाडांच्या स्वारीत गेली. ते सारे मिटून राज्याची सूत्रे पुण्यास आली, तेव्हा सूत्रांच्या मागोमाग वकील, सावकार, कारकून, शिलेदार, शास्त्री, गवई आणि पोटार्थी हे सर्व आले. कोकणातून दक्षिणेच्या आशेने विद्वान ब्राह्मण आले, तसे केवळ दोन वेळच्या जेवणाच्या आशेनेही पुष्कळ आले. पेठा वसविण्याची रीत आणि कात्रजचे पाणी नेमके या वेळी हाताशी नसते, तर या लोंढ्याने पुण्याचे काय केले असते, याची कल्पना करणे आजच्या पुणेकरास तरी अवघड जाऊ नये.

पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढा अडवून तळे करण्याचे कामही नानासाहेबांचेच. काम रेंगाळत असलेले पाहून पेशवे स्वतः उतरले, दगड उचलू लागले, आणि मग बरोबरच्या सरदारांनाही दगड उचलावे लागले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, पुणेकरांनी ती जपून ठेविली आहे. तळ्यामुळे शोभा आली, बाग आली; पुढे सवाई माधवरावांच्या काळात तळ्यातील गणपती आला. पण या कामाला दुसरी बाजू आहे. पूर्वी गावाच्या अंगाने उत्तरेकडे वाहणाऱ्या या ओढ्याचे पाणी यानंतर पश्चिमेकडे वळवून नदीस नेण्यात आले. जुन्या पात्राची जागा वस्तीस मोकळी झाली. आपोआप वाढलेल्या म्हणविल्या जाणाऱ्या पुण्याच्या पोटातही असा एक वळविलेला ओढा आहे, हे विसरता येत नाही.

विसरता येऊ नये असे आणखीही आहे. आळ्या जातींच्या होत्या, आणि त्यांचा क्रम धंद्याच्या सोयीपुरता नव्हता. कात्रजचे पाणी आधी वाड्यात जाई, मग हौदात. आणि हौदाच्या काठावर सर्वांना पाय ठेवता येत नव्हता. १८६८ साली जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा कात्रजच्या नळास शतक लोटून गेले होते. शहर नैसर्गिकरीत्या वाढते असे म्हणताना समाजातील अन्यायही त्याबरोबर नैसर्गिकरीत्या वाढतात, आणि कोणी तरी उठून हौद उघडल्याखेरीज ते आपोआप दूर होत नाहीत. जुन्या पेठांविषयी हळव्या शब्दांत लिहिणारे बहुधा ही गोष्ट वगळतात.

१७६१ उजाडले ते पानिपताने. नानासाहेब उत्तरेच्या वाटेवर माळव्यात असताना त्यांना बातमी कळली. थोरला मुलगा विश्वासराव गेला, भाऊ गेले, एक पिढी गेली. पेशवे मागे फिरले. त्याच साली मुठेवर जो लाकडी पूल झाला, त्याचा संबंध लोकस्मृतीने पानिपताहून परतलेल्यांशी लावला आहे. पुढे दगडी झाला तरी पुणेकर त्यास लकडी पूलच म्हणत आले. खचलेल्या नानासाहेबांचा मुक्काम पर्वतीवर होता. तेथून त्यांनी वसविलेल्या पेठा दिसत होत्या. २३ जून १७६१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. चाळिशीच्या आसपासचे वय. समाधी मुठेच्या काठी आहे. शेजारून हजारो वाहने रोज जातात.

वसविणारा गेला म्हणून शहर थांबले नाही. दोनच वर्षांनी, १७६३ मध्ये, निजामाच्या फौजांनी पुणे लुटले व जाळले. पुणे पुन्हा उभे राहिले. भवानी, नाना, रास्ता, घोरपडे अशा पेठांची भर पुढे पडतच गेली. ज्या शहराची रचना एका नकाशावर अवलंबून नव्हती, त्याची राख झाल्यावर नकाशा हरविण्याचे भय नव्हते.

इंग्रजी अमलात या जुन्या पुण्याच्या पूर्वेस लष्कर उभे राहिले: सरळ रस्ते, मोठी आवारे, झाडांच्या रांगा. तेव्हापासून शिकलेल्या पुणेकराच्या मनात एक न्यूनगंड शिरला. लष्कर म्हणजे आखीव आणि म्हणून चांगले. गाव म्हणजे वेडेवाकडे आणि म्हणून वाईट. १८९७ च्या प्लेगने त्या समजुतीस रोगाचे कारण मिळवून दिले. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, तो इंग्लंडातील १९०९ च्या कायद्याच्या वळणावर. योगायोग असा की त्याच सुमारास हिंदुस्थानात आलेले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक असलेले पॅट्रिक गेडीस नेमके उलट सांगत होते. जुन्या वस्तीतून सरळ रस्ता कापणे खर्चिक आणि निर्दय आहे. पडकी घरे तेवढी काढा, विहिरी व चौक मोकळे करा, बाकीचे गाव आपले आपण सुधारेल, असा त्यांच्या अहवालांचा आशय होता. अहवाल छापले गेले, आणि रस्ते कापले गेले.

त्यानंतरच्या तऱ्हा पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचा बांध त्या लोंढ्याने गेला आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या; नानासाहेबांच्या मृत्यूस तेव्हा नुकतीच दोनशे वर्षे झाली होती. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या आणि शहराचा मोहरा बदलला. १९६६ चा आराखडा आला, १९८७ चा आला, २०१७ चा आला. प्रत्येकात शाळा, बागा व रस्ते यांसाठी राखलेल्या जागा होत्या, आणि प्रत्येक नव्या आराखड्याच्या वेळी मागच्यातील किती जागा प्रत्यक्षात हाती आल्या याचीच चर्चा अधिक झाली. मध्यंतरी उड्डाणपुलांची लाट आली. विद्यापीठ चौकातील पूल २००६ च्या सुमारास मोठ्या कौतुकाने उभे राहिले आणि २०२० साली पाडावे लागले, कारण आता मेट्रोची पाळी होती. २००६ च्या डिसेंबरात दक्षिण अमेरिकेतील शहरांचा दाखला देऊन जलद बसची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली, तीही कात्रज-स्वारगेट रस्त्यावर, म्हणजे पेशव्यांच्या नळाच्या दिशेनेच. बस हवीच होती. परंतु थांब्यापर्यंत चालत जाणाऱ्याने रस्ता कसा ओलांडावा, हा प्रश्न बोगोटाहून आणलेल्या नमुन्यात सुटलेला नव्हता. मग २०१६ मध्ये स्मार्ट शहर आले.

या सर्व काळात शहर आपल्या पायांनी चालतच होते, पण पाण्याच्या पुढे. नानासाहेबांनी पेठा आणि पाणी ही कामे बरोबरीने चालविली. अलीकडे क्रम उलटला आहे. २०२१ साली तेवीस गावे महापालिकेच्या हद्दीत आली, तोपर्यंत त्यांतील अनेक ठिकाणी दहा-दहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहून गेल्या होत्या. परवाना आधी, रहिवासी नंतर, नळ शेवटी. रहिवाशांच्या सोसायट्या टँकरचे पैसे भरतात आणि महापालिकेचा करही भरतात. पेशव्यांच्या कौलात वस्ती नीट बसेपर्यंत कर माफ असे, ही गोष्ट महापालिकेच्या करखात्यात कोणी वाचून दाखविल्याचे ऐकिवात नाही. नियोजन नको असे म्हणणाऱ्यांस हे उपनगर सोयीचे उदाहरण नाही, आणि सर्व काही आराखड्यावर सोपविणाऱ्यांसही नाही: येथे आराखड्याने रंग भरले, बांधणाऱ्यांनी मजले चढविले, आणि उताराकडे कोणी पाहिले नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरात पावसाने कहर केला. ज्या दरीत नानासाहेबांनी तळी बांधली, त्याच दरीतून आंबिल ओढा खाली आला. मधल्या काळात त्याच्या पात्रात भराव पडले होते, भिंती आल्या होते तेथे घरे आली होती, काही ठिकाणी त्याला नाल्याची रुंदीही उरली नव्हती. ओढ्याने त्या भिंती पाडल्या. अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांत पाणी घरांत शिरले, मोटारी एकमेकींवर चढल्या, माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पर्वतीवरून खाली पाहणाऱ्यास चिखलाचा एक रुंद पट्टा दिसत होता. ओढ्याची खरी रुंदी किती, हे त्या दिवशी नकाशा न पाहताही कळत होते.